परराज्यातील मोटार आणि घरचा क्रमांक

भारतात मोटारीची नोंदणी देशभर ग्राह्य असते, परंतु मोटारीवरील कर राज्याचा असतो, आणि परराज्यातून जुनी मोटार विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येणारी बहुतेक कागदपत्रे, हेलपाटे आणि अनपेक्षित खर्च या एका विसंगतीतून उद्भवतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत यंत्रचालित वाहनांचा विषय समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीत, तर वाहनांवरील कराचा विषय राज्य सूचीच्या ५७ व्या नोंदीत आहे. म्हणूनच १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात नोंदलेल्या गाडीला दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदणी न करता फिरता येते. तरीही ती गाडी दुसऱ्या राज्यात कायमची राहायला आली की त्या राज्याचा कर, त्या राज्याचा क्रमांक आणि त्या राज्यातील परिवहन कार्यालय या तिन्ही गोष्टी नव्याने पुढे येतात. दिल्लीत किंवा बंगळुरूत सांगितला गेलेला भाव हा यामुळे खरेदीचा पूर्ण भाव कधीच नसतो.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हा प्रश्न दोन वेगवेगळ्या रूपांत आढळतो, आणि ती रूपे एकमेकांत मिसळल्यामुळेच पुष्कळ गैरसमज पसरतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत परप्रांतातून नोकरीसाठी आलेला अभियंता जेव्हा आपली जुनीच गाडी बरोबर आणतो, तेव्हा मालक बदलत नाही, केवळ गाडीचे वास्तव्य बदलते. उलट, उसाचे पैसे हाती आल्यावर न्हावरे किंवा पाटस परिसरातील एखादा शेतकरी जेव्हा दिल्लीतील वा गुजरातेतील विक्रेत्याकडून गाडी घेतो, तेव्हा मालक, पत्ता आणि राज्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतात. पहिल्या प्रसंगी कलम ४७ लागू होते, ज्यानुसार गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर त्या मुदतीत नवा नोंदणी क्रमांक मागावा लागतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र मालकी हस्तांतराचे कलम ५० आधी येते आणि त्यातील मुदती महिन्यांच्या नव्हे, दिवसांच्या आहेत: विकणाऱ्याने परराज्यातील विक्रीची खबर पंचेचाळीस दिवसांत आणि घेणाऱ्याने खरेदीची खबर तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावयाची असते. ‘वर्षभर काही करावे लागत नाही’ हा बाजारात सर्रास दिला जाणारा सल्ला नोकरदाराच्या बाबतीत अर्धा खरा आहे. खरेदीदाराच्या बाबतीत तो सरळसरळ चुकीचा आहे.

परराज्यातील व्यवहाराची गुरुकिल्ली म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळेच जण एनओसी म्हणतात. गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे त्या कार्यालयाने, ही गाडी आमच्या नोंदीतून दुसऱ्या राज्यातील कार्यालयाकडे जाण्यास आमची हरकत नाही, असे नमुना २८ मध्ये दिलेले हे पत्र असते. ते देण्यापूर्वी कार्यालयाने गाडीच्या चोरीची नोंद नाही याविषयी पोलिसांचा अहवाल घ्यावा आणि शासनाचे सर्व कर भरलेले आहेत याची खातरजमा करावी, असे कलम ४८ सांगते. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने काहीच कळवले नाही तर प्रमाणपत्र दिले असे समजावे, अशीही त्यात तरतूद आहे. मात्र ‘वाहन’ या केंद्रीय संगणक प्रणालीत नोंद उमटल्याशिवाय पुढचे कार्यालय प्रकरण हाती घेत नसल्यामुळे या उदार तरतुदीवर विसंबून गाडी आणणे शहाणपणाचे नाही. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा नोंदणी पुस्तकावर असतो. कर्ज फिटल्याची पावती विक्रेत्याजवळ असली तरी नमुना ३५ देऊन तो बोजा कार्यालयीन नोंदीतून उतरवलेला नसेल तर व्यवहार तेथेच अडतो, कारण सातबारावरील बोजाप्रमाणे येथेही पावतीपेक्षा नोंद मोठी असते.

प्रमाणपत्र ज्या कार्यालयाकडे जायचे त्या कार्यालयाच्या नावाने निघते, आणि शिरूर-दौंडच्या खरेदीदाराची फसगत नेमकी येथे होण्याचा संभव असतो. दोन्ही तालुके एकाच जिल्ह्यात असले, न्हावरे-चौफुला रस्त्याने एकमेकांशी जोडलेले असले, तरी परिवहन खात्याच्या दृष्टीने ते वेगवेगळ्या घरचे आहेत. शिरूर तालुका संगम पुलाजवळील पुणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे एमएच १२ च्या कक्षेत येतो. दौंड तालुका बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे एमएच ४२ च्या कक्षेत येतो. आणि याच जिल्ह्यात पिंपरी-चिंचवडचे एमएच १४ हे तिसरे कार्यालय आहे. दिल्लीतील विक्रेत्याला किंवा त्याच्या एजंटाला ‘जिल्हा पुणे’ एवढेच ठाऊक असते, त्यामुळे दौंडच्या ग्राहकाच्या आधार कार्डावरील जिल्हा वाचून तो अर्जात सहजपणे पुणे कार्यालय निवडतो आणि प्रमाणपत्र एमएच १२ च्या नावाने निघते. कलम ४० मधील २०१९ च्या दुरुस्तीने मालकाचे निवास किंवा व्यवसाय असलेल्या राज्यातील कोणत्याही प्राधिकाऱ्याकडे नोंदणीची मुभा दिली असली, तरी प्रमाणपत्र एका कार्यालयाच्या नावाचे आणि पत्ता दुसऱ्याच्या कक्षेतला असला तर दौंडच्या माणसाचे प्रकरण अडू शकते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा हजार-दीड हजार किलोमीटरवरील मूळ कार्यालयाच्या दाराशी जावे लागू शकते. अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयाचे नाव आणि सांकेतिक क्रमांक विक्रेत्याला लेखी कळवणे, हा या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

विक्रेता हाती ठेवतो त्या कागदांत बहुधा नमुना २९ आणि नमुना ३० असतात, ज्यांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. पहिल्यात विक्रीची खबर असते, दुसऱ्यात मालकी हस्तांतराचा अर्ज. हे कोरे, केवळ सही केलेले फॉर्म घेऊन गाडी एका हातातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या हातात फिरवण्याची प्रथा जुनी आहे आणि तिचे परिणाम किती दूरवर जातात हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालातून दिसते. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, ताबाही बदलत गेला होता, परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाल्यावर न्यायालयाने कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच, असे ठरवून नुकसानभरपाईचे दायित्व पहिल्या मालकावर ठेवले. हा निकाल विक्रेत्याला धोक्याची सूचना देतो असे वरवर पाहता वाटते, पण खरेदीदारासाठीही त्याचा अर्थ तेवढाच गंभीर आहे, कारण पैसे मोजूनही तो मालक ठरत नाही. हस्तांतराची ही पोकळी भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत मान्यता देण्याची व्यवस्था लागू केली, ज्यात मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची खबर प्रणालीत नोंदवल्यावर ती विकली जाईपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो. परराज्यातील व्यापाऱ्याकडून गाडी घेताना त्याच्याजवळ ही मान्यता आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता कराकडे वळावे लागते, कारण स्वस्ताईचा खरा निकाल तेथे लागतो. खासगी मोटारीवर महाराष्ट्रात एकरकमी कर घेतला जातो. व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीसाठी तो दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के, दहा ते वीस लाखांवर १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असून डिझेल गाडीसाठी हेच दर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के आहेत. दिल्लीत पेट्रोल गाडीसाठी हा दर सहा लाखांपर्यंत ४ टक्के, सहा ते दहा लाखांपर्यंत ७ टक्के आणि त्यापुढे १० टक्के राहिला आहे; गुजरातेत तो साधारण ६ टक्के आहे; कर्नाटकात मात्र १३ पासून १८ टक्क्यांपर्यंत चढतो. नवी असताना आठ लाख रुपये किंमत असलेली एखादी पेट्रोल गाडी घेतली तर तिच्या पहिल्या मालकाने या दरांनी दिल्लीत ५६ हजार, गुजरातेत ४८ हजार आणि कर्नाटकात १ लाख १२ हजार रुपये भरले असते, तर महाराष्ट्रात ८८ हजार. दिल्लीतील आणि गुजरातेतील जुनी गाडी स्वस्त वाटते त्यामागे वापर, हवामान आणि बाजारातील पुरवठा ही कारणे असतातच, पण पहिल्या मालकाने राज्याला कमी कर दिला होता हेही एक कारण असते, आणि तो फरक महाराष्ट्र आपल्या दारात वसूल करतो.

परराज्यातून आलेल्या गाडीवर महाराष्ट्र पूर्ण कर आकारत नाही. गाडीचे वय जसे वाढते तसा कराचा हिस्सा तक्त्याप्रमाणे कमी होत जातो. मात्र हिशेबाचा पाया जुन्या गाडीसाठी मोजलेली रक्कम नसून गाडीची मूळ किंमत हा असतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि तीन लाखांत मिळालेल्या मोठ्या गाडीवर अपेक्षेच्या दुप्पट-तिप्पट कर निघाला की कार्यालयाच्या खिडकीपाशी वाद सुरू होतो. दुसऱ्या बाजूला, मूळ राज्यात पूर्ण आयुष्याचा कर भरलेला असताना गाडी मध्येच राज्याबाहेर गेली तर उरलेल्या काळाचा कर परत मागण्याची सोय पुष्कळ राज्यांत आहे. ती मिळवण्यासाठी नव्या राज्यातील नोंदणीचा पुरावा मूळ कार्यालयात द्यावा लागतो, आणि हा परतावा विक्रेत्याने घ्यायचा की खरेदीदाराने, हे सौद्याच्या वेळीच कागदावर उतरवलेले नसेल तर तो बहुधा कोणालाच मिळत नाही. राज्यांनीही या क्षेत्रात कधी कधी अतिरेक केला आहे; परराज्यातील गाडी तीस दिवसांहून अधिक काळ राहिली तर आयुष्यभराचा कर घेण्याची कर्नाटकाने केलेली दुरुस्ती तेथील उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली होती.

दिल्लीच्या गाड्यांचा वेगळा विचार करावा लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, आणि आठ-नऊ वर्षे वयाच्या, यंत्र अजून उत्तम असलेल्या डिझेल गाड्या इतर राज्यांच्या बाजारात उतरू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून अशा गाडीमालकांवर कठोर कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला असला, तरी दिल्लीतील मालकाची घाई संपलेली नाही. महाराष्ट्रात नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर गाडीची तपासणी, वाढीव शुल्क व पर्यावरण कर यांसह पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्यामुळे नऊ वर्षांची दिल्लीची गाडी शिरूरमध्ये आणखी सहा वर्षे विनासायास चालू शकते. याच कारणाने खरोखर फायद्याचे ठरू शकणाऱ्या थोड्या सौद्यांपैकी हा एक आहे, अर्थात गाडी पुरात बुडालेली, अपघातात मोडीत काढलेली किंवा चासी क्रमांकात फेरफार केलेली नसेल तर.

हा शेवटचा धोका गावाकडे परतल्यावर उघड होतो, कारण नव्या क्रमांकासाठी नमुना २७ मधील अर्जाबरोबर गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते आणि मोटार वाहन निरीक्षक चासी व इंजिनावरील क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. शिरूरहून पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंडहून बारामती चाळीस-पंचेचाळीस. हे अंतर मोठे नाही, परंतु एक कागद राहिला तर ते पुन्हा कापावे लागते. अर्जासोबत मूळ नोंदणी पुस्तक, प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नोंदणीचे शुल्क स्वतः शेकड्यांत असते. हजारांत आणि लाखांत जातो तो कर.

ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचा पर्याय उपलब्ध आहे. संरक्षण दले, केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना तो घेता येतो. त्यात कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरला जातो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही. रांजणगावच्या कारखान्यात काही वर्षांसाठी आलेल्या अभियंत्याला तो सोयीचा आहे. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशी गाडी या मालिकेस पात्र नसलेल्या व्यक्तीलाही विकता येते, परंतु मग तिला साधा राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा सुरू होतो.

नवा क्रमांक मिळाल्यावर गाडीवर उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवावी लागते आणि टोलसाठीचा फास्टॅग नव्या मालकाच्या नावाने व नव्या क्रमांकाने घ्यावा लागतो, कारण जुन्या टॅगशी विक्रेत्याचे खाते जोडलेले असते. विम्याच्या बाबतीत कलम १५७ नुसार तृतीय पक्षाच्या जोखमीचे संरक्षण हस्तांतराबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येते, मात्र त्याने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावयाचे असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप येत नाही, आणि दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत तर गाडीची नसून जुन्या मालकाची असते. दिल्लीहून शिरूरपर्यंत गाडी चालवत आणण्याचा बेत असेल तर पॉलिसीवरील नाव निघण्यापूर्वीच बदलून घेतलेले बरे, कारण त्या प्रवासात गाडीला काही झाले तर पॉलिसी एकाच्या नावावर आणि नुकसान दुसऱ्याचे, अशी स्थिती उद्भवते.