गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग : अवस्था-निश्चितीसाठी पेट-सीटी व पेट-एमआरआय यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

रजोनिवृत्तीनंतर अंगावरून रक्त जाणे हे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण होय. प्रत्येक वेळी त्यामागे कर्करोगच असतो असे नाही. तथापि अशा साधारण दहा स्त्रियांपैकी एकीत तो आढळतो. निदान बायोप्सीने होते. त्यानंतरचा प्रश्न रोग किती पसरला आहे हा असतो. शस्त्रक्रिया किती मोठी करावी, लसिका ग्रंथी काढाव्यात की नाही, किरणोपचार वा केमोथेरपी द्यावी का, हे सर्व त्या उत्तरावर अवलंबून असते.

अवस्थांचे निकष

‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८८ मध्ये शस्त्रक्रियेवर आधारित वर्गीकरण स्वीकारले आणि २००९ मध्ये ते सुधारले. पहिल्या अवस्थेत रोग गर्भाशयापुरता असतो. दुसरीत गर्भाशयमुखाच्या आतील ऊतीत पोहोचतो. तिसरीत बीजांडे, योनी वा लसिका ग्रंथींत जातो. चौथीत मूत्राशय वा आतड्याचे अस्तर भेदतो किंवा दूरच्या अवयवांत पसरतो. २०२३ च्या सुधारणेत पेशींचा प्रकार व जनुकीय लक्षणे यांनाही स्थान मिळाले. तरीही स्नायूच्या निम्म्या जाडीच्या आत रोग थांबला की पलीकडे गेला आणि ग्रंथी बाधित आहेत की नाहीत, हे दोन प्रश्न महत्त्वाचे राहिलेच आहेत.

संकरित प्रतिमापद्धतींचे तत्त्व

पेट तपासणीत फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, म्हणजेच एफडीजी, शिरेतून देतात. कर्करोगपेशी साखर अधिक घेत असल्याने त्या जागा प्रतिमेत उजळ दिसतात. परंतु केवळ पेटमध्ये शरीररचना अस्पष्ट राहते. म्हणून तिला सीटी किंवा एमआरआयची जोड दिली जाते. पेट-सीटी यंत्रे २००१ च्या सुमारास बाजारात आली; दोन्ही प्रतिमा एकाच वेळी घेणारी संपूर्ण शरीराची पेट-एमआरआय यंत्रे सुमारे दशकभराने आली.

तुलना

सीटीमध्ये गर्भाशयाचे अस्तर व स्नायू यांतील फरक पुरेसा उठून दिसत नाही. एमआरआयमध्ये तो स्पष्ट दिसतो. त्यामुळे रोगाची खोली आणि गर्भाशयमुखातील प्रसार ठरविण्यात पेट-एमआरआय सरस ठरते. जपानमधील २०१३ च्या एका अभ्यासात पेट व एमआरआयच्या प्रतिमा एकत्र जुळवून तपासल्या असता हेच दिसले. लसिका ग्रंथींच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. कारण उघड आहे : ग्रंथीतील रोग मुख्यतः पेटच दाखविते आणि पेट दोहोंत समान आहे.

फुप्फुसातील बारीक गाठी सीटीमध्ये अधिक चांगल्या दिसतात. पेट-सीटीस साधारण अर्धा तास, तर पेट-एमआरआयस बहुधा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. शरीरातून बाहेर पडताना किरणांचे जे शोषण होते, त्याची दुरुस्ती सीटीवरून थेट करता येते. एमआरआयवरून ती अप्रत्यक्षपणे करावी लागते. उलट एमआरआयमुळे सीटीच्या किरणांचा वाटा टळतो. काही प्रकारचे पेसमेकर असणाऱ्यांना आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांना मात्र ती अडचणीची ठरते. यंत्रांचा खर्च व उपलब्धता या दृष्टीने पेट-सीटीच सुलभ आहे.

मर्यादा

काही मिलिमीटरची रोगवस्ती दोन्ही पद्धतींतून निसटू शकते. शिवाय मूत्राशयातील एफडीजी, मासिक पाळीच्या काळातील निरोगी अस्तर व दाह झालेल्या ग्रंथी हेही उजळ दिसून दिशाभूल करतात. लठ्ठपणा व मधुमेह या रोगाशी निगडित असल्याने अनेक रुग्ण मधुमेही असतात. रक्तातील साखर वाढलेली असल्यास गाठीत एफडीजी कमी जाते, तर मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळ दिसतात. म्हणून तपासणीपूर्वीची तयारी काटेकोर हवी.

फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे आहे. सायक्लोट्रॉनपासून चार तासांच्या वाटेवरील केंद्रात मूळ किरणोत्साराचा पाचव्या भागाहून थोडाच अधिक अंश पोहोचतो. लहान शहरांत ही सेवा मिळण्यातील ही खरी अडचण असून घातांकी ऱ्हास शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

निष्कर्ष

सौम्य प्रकारच्या, आरंभीच्या रोगात साधी एमआरआय पुष्कळदा पुरते. आक्रमक प्रकारात किंवा दूरच्या प्रसाराची शंका असल्यास पेटची जोड मोलाची ठरते. तेथे स्थानिक तपशिलासाठी पेट-एमआरआय, तर छाती व सुलभतेसाठी पेट-सीटी असा विवेक करावा लागतो. पेट-सीटीबरोबर श्रोणीची स्वतंत्र एमआरआय करणे हा व्यवहार्य मध्यममार्ग होय.

प्रतिमा निर्दोष दिसली तरी ग्रंथी निरोगी असल्याची हमी मिळत नाही. दुसरीकडे, सरसकट ग्रंथी काढल्याने पायांना कायमची सूज येऊ शकते, आणि आरंभीच्या रोगात त्यामुळे आयुष्य वाढत नाही असे २००८ व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसले. म्हणूनच रंगद्रव्याच्या साहाय्याने केवळ पहिली ग्रंथी शोधून तपासण्याची पद्धत रूढ झाली आहे. मात्र कोणत्याही यंत्राचा उपयोग रुग्ण वेळेवर आली तरच होतो. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव संकोचाने लपवू नये, ही गोष्ट विद्यार्थिनींमार्फत घराघरांत पोहोचविणे शिक्षकांना सहज शक्य आहे.