होडीला आलेले फोड आणि सावनेरचं ऊन

सावनेरहून समुद्र गाठायचा तर आठशेएक किलोमीटर जावं लागतं. तरी फायबरग्लासच्या होडीला येणारे फोड हा विषय तुमचाच आहे, कारण हा आजार खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त होतो. खिंडसीसारख्या तलावांवर आपण ज्या पॅडल बोटी चालवतो, त्या महिनोन्‌महिने पाण्यातच उभ्या असतात. एखादी काठावर उलटी पडलेली दिसली तर तिच्या बुडावरून हात फिरवून बघा. घामोळ्यासारखं काही हाताला लागलं की समजा, आलेत.

शाळेतलं परासरण आठवतं? मनुका पाण्यात टाकली की टम्म फुगते. होडीचंही तेच. बाहेरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यातून पाणी हळूहळू आत झिरपतं. आतल्या पॉलिएस्टर रेझिनमधले काही अंश त्यात विरघळतात, गाढ द्रावण बनतं आणि ते आणखी पाणी ओढून घेतं. दाब वाढला की वरचा थर उचलला जातो. बाहेरचं पाणी जितकं निर्मळ, तितकी ही ओढ जास्त. म्हणून तलाव वाईट.

खात्री करायला फोड टोचा, पण आधी गॉगल लावा. आतलं पाणी दाबाखाली असतं, डोळ्यात उडतं. ते चिकट असेल आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर हा तोच आजार. नुसताच रंग सुटला असेल तर एवढा खटाटोप नको.

आता मी केलेली चूक ऐका. एका जुन्या होडीचे फोड मी घासले, तीन दिवस वाळवले, गाडीची पुट्टी भरली, वर रंग मारला. दिवाळीपर्यंत सगळे फोड परत, वर चार नवे. दोन गोष्टी चुकल्या. गाडीची पुट्टी स्वतःच पाणी पिते. आणि आतलं आंबट द्रावण नुसत्या उन्हाने उडून जात नाही, ते धुऊन काढावं लागतं.

म्हणून प्रत्येक फोड ग्राइंडरने बशीसारखा उघडा करा. काचेची धूळ छातीत जाते, तेव्हा चांगला मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मग गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, पुन्हा धुवा, असं बरेच दिवस. त्यानंतर खरं वाळवणं, आणि इथे आपण कोकणवाल्यांपेक्षा नशीबवान आहोत. एप्रिल-मे मधलं सावनेरचं कोरडं ऊन! ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, तेच इथे कामाला येतं. तरी काही आठवडे लागतात. वाळलं का हे बघायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून बुडावर चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर थांबा.

भरायला इपॉक्सीच घ्या. आधी पातळ हात, मग त्यातच फिलर कालवून खड्डे भरा, घासून सपाट करा आणि वर इपॉक्सीचे पाच-सहा थर द्या. इथे मात्र तेच ऊन उलटतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला साधारण निम्माच वेळ मिळतो. ४५ अंशांत डबाभर कालवलं तर डब्यातच धूर निघेल. तेव्हा पहाटे, सावलीत, पसरट भांड्यात थोडं थोडं कालवा. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, वजन करून. जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, कच्चं राहतं.

हे सगळं स्वतः कशाला करायचं? नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, तेव्हा दोंदे तिथेच तळ ठोकून होते. भर समुद्रात मेकॅनिक कुठून येणार? तलावावर तो येईलही, पण तुमच्या होडीच्या आत काय आहे हे त्यालाही उघडल्याशिवाय कळणार नाही.

गणित फक्त तारखांचं आहे. मृग लागायच्या आत शेवटचा थर बसला पाहिजे, म्हणजे परीक्षा संपायच्या आधीच होडी पाण्याबाहेर काढून, उलटी करून ठेवावी लागेल.