दोन पाकिटं, गोळी एकच

आमच्या सासूबाई रिसोडला असतात. सोयाबीनची सोंगणी आटोपली की महिना-दोन महिने आमच्याकडे वाशीमला येतात. मागच्या खेपेला आल्या तेव्हा इथल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बी.पी.ची गोळी लिहून दिली. नंतर त्यांचे पाय सुजायला लागले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ‘म्हातारपन हाय बापा, अजून काय!’ म्हणून त्यांनीच विषय संपवला. खरं सांगते, मीही तो संपू दिला.

गोळ्या संपल्या म्हणून नेहमीच्या मेडिकलवर गेले. रिसोडहून आणलेलं जुनं पाकीट आणि इथलं नवं, दोन्ही काउंटरवर ठेवली. दुकानातल्या भाऊंनी चष्मा वर सारून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, ‘ताई, आई ह्या दोन्ही घेतात? पाय सुजतात का त्यांचे?’

मी पायांचं काही बोललेच नव्हते!

कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पण आतलं औषध एकच, अॅम्लोडिपीन. म्हणजे रोज दुप्पट डोस. चूक आमचीच, नव्या डॉक्टरांना जुनं पाकीट दाखवलंच नव्हतं. भाऊंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी एक गोळी बंद केली. हळूहळू सूज उतरली.

‘तुमचे किती द्यायचे?’ विचारलं तर हसले. ‘कायचे पैसे, ताई? तुम्ही तर एक पाकीट कमीच नेलं!’

हे डोक्यातून जाईना. मेडिकलवाल्याची कमाई विकलेल्या गोळीवर. सरकारने दर बांधलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला २०१३ च्या आदेशाप्रमाणे १६ टक्के सुटतात. स्वस्तातली गोळी सुचवली की तेही घटतात. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमांत रुग्णाला औषध नीट समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्य म्हटलंय. कर्तव्य आहे, पण त्याचे पैसे कोणी देत नाही. आपल्या स्वयंपाकघरासारखंच की!

आता मी तिथे जरा रेंगाळते. थायरॉईडची गोळी चहाच्या आधी, उपाशीपोटी घ्यायची. पंपाने औषध ओढल्यावर चूळ भरायची. हे सगळं गिऱ्हाईक सांभाळत चाललेलं असतं. एका पोराने चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या मागितल्या. भाऊंनी दिल्या नाहीत. तो तणतणत समोरच्या दुकानात गेला.

सगळीच दुकानं अशी नाहीत, हेही खरं. कुठे प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर टांगलेलं असतं आणि गोळ्या देतो एखादा शिकाऊ पोरगा. १९४८ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायला हवं. ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असं विचारायला लाजू नका, मैत्रिणींनो. आणि जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

मागच्या आठवड्यात भाऊ एका आजींना गोळ्या समजावत होते. माझ्या मागची बाई ओरडली, ‘भाऊ, लवकर द्या ना, मालेगावची गाडी सुटते!’ पूर्वी मीही अशीच ओरडायचे. तिला म्हटलं, ‘बाई, दोन मिनिटं थांबा. त्यांचं होऊ द्या.’