एकच काळा दगड, कुकडीत आणि ध्रुवाकडे

शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीहून कुकडीच्या पात्रात उतरावे ते उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर. समोर पारनेरचे निघोज आणि मध्ये खडकात कोरलेली कुंडे, म्हणजेच रांजणखळगे. कुंडाच्या कडेवरून हात आत न्या. वरचा दगड खरबरीत, आतली भिंत मात्र घासलेल्या पाट्यासारखी तुळतुळीत. तळाशी वाटोळे गोटे पडलेले असतात. ही कारागिरी त्यांचीच. पुराच्या भोवऱ्यात ते गरगर फिरतात आणि कातळ खरवडत खोल जातात.

हा कातळ बेसॉल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शिरूर-दौंडकडच्या जुन्या घरांची जोती याच दगडाची. आपल्याला तो अभंग वाटतो. पण आइसलँडच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटरवर, आर्क्टिक वृत्ताच्या जरा आत कोल्बेन्से नावाचे बेट आहे. तेही बेसॉल्टचेच, आपल्या कातळापेक्षा वयाने कितीतरी लहान, समुद्राच्या तळाशी असलेल्या ज्वालामुखींच्या रांगेतून वर आलेले. तिथे माणूस राहत नाही, झाडझाडोराही जवळजवळ नाही. १६१६ मध्ये मोजले तेव्हा ते उत्तर-दक्षिण ७०० मीटर लांब होते. २००१ मध्ये उरले जेमतेम ९० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एका गुंठ्याहूनही कमी!

असे का व्हावे? लाव्हा थंड होताना आकसतो आणि दगडाला भेगा पडतात. भेगा कुकडीच्या कातळालाही आहेत. ध्रुवाकडे मात्र त्यांत शिरलेले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पाचर ठोकावी तसा दगड उकलतो. सैल झालेला तुकडा लाटा ओढून नेतात, वाहत आलेला समुद्री बर्फ धडका देत राहतो. कुकडीत दगड कोरला जातो, तिकडे तो फोडला जातो.

त्या खडकाची किंमत मोठी होती. सागरी हद्द मोजताना तो धरायचा की नाही, यावर आइसलँड आणि डेन्मार्क यांचा वाद चालला. १९९७ मध्ये तडजोड झाली. १९८९ मध्ये तिथे हेलिकॉप्टर उतरवायला काँक्रीटचा तळ बांधला होता. २००६ मध्ये पाहिले, तर त्याचा जवळपास निम्मा भाग समुद्राने नेलेला.

आपल्या कुंडांना बर्फाचे भय नाही. पण तिथले गोटे कुणी आठवण म्हणून पिशवीत टाकताना दिसले, की जीव हळहळतो. पुढच्या पुरात कुंड कोरायचे, तर हत्यार तेच आहे.