लालफीत : एका वाक्प्रचाराची उकल

रामदासपेठेतील एखाद्या वृद्ध महिलेने पतीच्या पश्चात मालमत्तेवर आपले नाव चढविण्यासाठी अर्ज करावा, आणि प्रत्येक खेपेस 'फाईल साहेबांच्या टेबलावर आहे' एवढेच उत्तर मिळावे, हा अनुभव नागपूरकरांना नवा नाही. 'सरकारी काम, सहा महिने थांब' अशी म्हणच आपल्याकडे आहे. इंग्रजीत यासाठी 'रेड टेप' हा वाक्प्रचार योजतात. मराठीत तो 'लालफीत' म्हणून रुळला.

इंग्लंडमध्ये सरकारी व न्यायालयीन कागद लाल फितीने बांधून ठेवीत. एकोणिसाव्या शतकात कार्लाइल, डिकन्स आदी लेखकांनी त्या फितीला उपहासाचा अर्थ दिला. कागद बांधणे आपल्यालाही अपरिचित नव्हते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असून त्यांना 'रुमाल' असेच म्हणतात. मात्र रुमालाने कागद जपला, फितीने तो अडविला, असा अर्थभेद भाषेने केला!

या शब्दाचा उपयोग नेमकेपणाने करावयास हवा. लालफीत म्हणजे लाचखोरी नव्हे. एक पैसाही न मागता फाईल अडू शकते. प्रत्येक नियम म्हणजेही लालफीत नव्हे. वारसाचा पुरावा मागणे ही दक्षता होय. तोच पुरावा तीन टेबलांवर तीनदा मागणे ही लालफीत. अशा कारभाराच्या पद्धतीस 'लालफीतशाही' म्हणतात, तर 'प्रस्ताव लालफितीत अडकला' हा वृत्तपत्रांतील नित्याचा प्रयोग आहे. भाषांतर करताना एक सावधगिरी बाळगावी. 'कट द रेड टेप' म्हणजे जाचक सोपस्कार दूर करणे. मराठीत नुसते 'फीत कापणे' म्हटले, की उद्घाटनाचा अर्थ होतो.

'दप्तरदिरंगाई' हा या शब्दाचा अस्सल मराठी भाऊबंद. बदल्यांचे विनियमन व शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम याच नावाने ओळखला जातो. त्यानुसार कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणतः ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. अन्य विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत, तर पाठवावी लागणाऱ्या प्रकरणात ३ महिन्यांत निर्णय व्हावा. हेतुपुरस्सर विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पुढे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना दिला.

म्हणूनच या शब्दाचा अर्थ नीट जाणणे केवळ इंग्रजीच्या अभ्यासकांपुरते महत्त्वाचे नाही. 'सगळी लालफीत आहे' असे म्हणून परत फिरणारा अर्जदार हताश होतो. 'कोणत्या नियमान्वये, कोणाच्या टेबलावर आणि किती दिवसांपासून?' असे लेखी विचारणाऱ्याच्या हाती मात्र त्या फितीची गाठ लागते.