चिनी वैद्यकातील ‘दुर्बल प्लीहा’ : अवयव एक, अर्थ दोन

प्लीहा किंवा पाणथरी हा शब्द मराठी घरांत बहुधा मलेरियाच्या निमित्ताने उच्चारला जातो. ताप वारंवार उलटला की पाणथरी वाढते, एवढी माहिती जुन्या पिढीलाही होती. आधुनिक वैद्यकानुसार प्लीहा पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण दीडशे ग्रॅम भरते. जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी रक्तातून गाळून काढणे आणि जंतुसंसर्गाविरुद्ध लढण्यास मदत करणे ही तिची मुख्य कामे. अन्नपचनाशी तिचा थेट संबंध नाही. अपघातात ती फाटली तर कधी शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागते आणि त्यानंतरही योग्य काळजी घेऊन माणूस जगू शकतो.

म्हणूनच ॲक्युपंक्चर तज्ज्ञाकडे गेलेला रुग्ण गोंधळून जातो. तक्रार असते जेवणानंतर पोट फुगण्याची, सततच्या थकव्याची किंवा पातळ शौचाची. तज्ज्ञ जीभ पाहतात, दोन्ही मनगटांवरची नाडी तपासतात आणि ‘तुमची प्लीहा दुर्बल आहे’ असे सांगतात. रुग्ण घाबरून सोनोग्राफी करून घेतो, तर अहवालात प्लीहा अगदी व्यवस्थित. मग चूक कोणाची? पुष्कळदा कोणाचीच नाही. दोघे एकच शब्द वापरत असले तरी तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरत असतात. हा फरक लक्षात न आल्यास मात्र रुग्णाचे खरेखुरे नुकसान होऊ शकते.

धान्यकोठाराचा अधिकारी

चिनी वैद्यकात या अवयवाला ‘पी’ म्हणतात. युरोपीय भाषांतरकारांनी त्यासाठी प्लीहेचा शब्द योजला आणि तोच जगभर रूढ झाला. परंतु ‘पी’ हे शरीरातील एका अवयवापेक्षा एका कार्याचे नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगती नैचिंग’ या ग्रंथात शरीराची तुलना राज्यकारभाराशी केलेली आहे. त्यात हृदय हा राजा, तर प्लीहा आणि जठर हे धान्यकोठारांचे अधिकारी. आलेल्या धान्याची साठवण जठराने करायची आणि त्यातील सार काढून ते सर्व शरीरभर पोहोचवायचे काम प्लीहेने करायचे, अशी ही व्यवस्था आहे.

या कल्पनेतूनच प्लीहेची पुढील कामे ठरतात. अन्नपाण्याचे रूपांतर करून चैतन्यशक्ती आणि रक्त यांच्यासाठी कच्चा माल पुरवणे, हे पहिले काम. हातापायांचे स्नायू पुष्ट ठेवणे, हे दुसरे. अवयवांना त्यांच्या जागी उचलून धरणे, हे तिसरे आणि रक्ताला वाहिन्यांच्या आत राखणे, हे चौथे. पंचतत्त्वांपैकी पृथ्वी हे तिचे तत्त्व, पिवळा हा तिचा रंग आणि गोड ही तिची चव. ओलावा हा तिचा शत्रू मानला जातो. मनोव्यापारांपैकी चिंतन तिच्याकडे येते. त्यामुळे अतिविचार, सततची काळजी आणि तासन्‌तास बैठा बौद्धिक व्यवसाय यांनी प्लीहा थकते, असे चिनी वैद्य मानतात.

एकच तक्रार, अनेक कारणे

चिनी वैद्यकात रोगाच्या नावापेक्षा लक्षणसमूहाला अधिक महत्त्व असते. पातळ शौचाची तक्रार घेऊन आलेल्या पाच रुग्णांचे निदान पाच प्रकारचे असू शकते आणि उपचारही त्याप्रमाणे बदलतात. प्लीहेच्या बिघाडाचे मुख्य प्रकार सहा सांगितले जातात. त्यांतील पहिले चार क्षीणतेचे, तर उरलेले दोन आधिक्याचे आहेत.

पहिला आणि सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे चैतन्यशक्तीची क्षीणता. भूक मंदावते, जेवणानंतर पोट फुगते, शौच सैल होते, चेहरा निस्तेज पिवळट दिसतो आणि हातपाय गळून जातात. जीभ फिकट व किंचित सुजलेली असते आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले दिसतात. नाडी अशक्त लागते.

ही स्थिती दीर्घकाळ राहिली की शरीराची ऊब कमी होते. हा दुसरा प्रकार, म्हणजे यांगची क्षीणता. त्यात पहिल्या प्रकारातील लक्षणे तर असतातच. शिवाय हातपाय गार पडतात, शौचात न पचलेले अन्न दिसते, पोटाला शेक द्यावासा वाटतो आणि कधी सूजही येते.

तिसऱ्या प्रकारात प्लीहेची उचलून धरण्याची शक्ती संपते. ओटीपोटात ओढ लागते. गर्भाशय किंवा गुदाशय खाली सरकण्याचा संबंध चिनी वैद्य याच प्रकाराशी जोडतात. चौथ्यात रक्त वाहिन्यांत राहत नाही. कातडीखाली निळे डाग उमटतात, शौचातून रक्त जाते किंवा मासिक पाळीतील रक्तस्राव लांबतो.

पाचवा आणि सहावा प्रकार ओलाव्याचे आहेत. ओलाव्याला थंडीची जोड मिळाली तर अंग जड होते, तोंडाची चव जाते आणि जिभेवर जाड, पांढरा, चिकट थर साचतो. उष्णतेची जोड मिळाली तर थर पिवळा होतो, शौचाला दुर्गंधी व जळजळ होते, लघवी गडद होते आणि कधी डोळे व त्वचाही पिवळी पडते.

याखेरीज दोन अवयवांच्या संबंधातून होणारे बिघाडही आहेत. संताप आणि ताण यांनी यकृत अनावर होऊन प्लीहेवर चाल करते, असे मानले जाते. परीक्षेच्या किंवा महत्त्वाच्या बैठकीच्या सकाळी पोटात कळ येऊन वारंवार शौचास जावे लागणाऱ्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. हृदय आणि प्लीहा दोन्ही क्षीण झाल्यास निद्रानाश, धडधड आणि विस्मरण होते, असेही सांगितले आहे.

या वर्गवारीची आजची नीटस मांडणी मात्र फार जुनी नाही. चीनमध्ये १९५० च्या दशकात पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये स्थापन झाली. त्यांच्या पाठ्यपुस्तकांसाठी शतकानुशतकांचे विखुरलेले ज्ञान एका चौकटीत बसवण्यात आले.

वेढ्यातून निघालेला धडा

हे प्रकार वेगळे ओळखण्याचा एवढा आग्रह का, याचे उत्तर तेराव्या शतकातील एका वैद्याच्या आयुष्यात सापडते. ली तुंगयुआन यांचा जन्म ११८० चा. आईच्या अखेरच्या आजारात वैद्यांना रोगाचे निदान करता आले नाही, ही खंत त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेली, असे त्यांचे चरित्र सांगते. १२३२ मध्ये मंगोल सैन्याने चिन राजवटीच्या राजधानीला, म्हणजे आजच्या खायफंग शहराला वेढा घातला. वेढा सैल झाल्यावर शहरात तापाची मोठी साथ पसरली आणि माणसे मोठ्या संख्येने दगावली.

त्या काळच्या वैद्यांनी हा बाहेरून आलेल्या थंडीचा ताप समजून घाम आणणारी आणि रेच देणारी औषधे दिली. ली यांचे म्हणणे वेगळे होते. महिनोन्‌महिने उपासमार, भीती आणि श्रम सोसलेल्या या लोकांची प्लीहा व जठर आधीच खचलेली आहेत. त्यांचा ताप आतल्या झिजेचा आहे. अशांना रेच देणे म्हणजे मृत्यूच्या दारात ढकलणे होय. बाहेरचा आणि आतला ताप वेगळा ओळखण्याच्या खुणाही त्यांनी लिहून ठेवल्या. त्यांतील एक खूण अशी की बाहेरच्या तापात हाताची पाठ गरम लागते, तर आतल्या झिजेत तळहात. १२४९ मध्ये त्यांनी प्लीहा आणि जठर यांच्यावर ‘पी वै लुन’ हा ग्रंथ लिहिला. मध्यभागाला बळ देऊन शक्ती वर उचलणारा त्यांचा काढा चिनी वैद्यकात आजही वापरला जातो.

आजच्या दृष्टीने खायफंगची साथ संसर्गजन्य रोगाचीही असू शकेल. तरीही ली यांचा मूळ मुद्दा शिळा झालेला नाही. वरवर सारखी दिसणारी लक्षणे वेगवेगळ्या कारणांची असू शकतात आणि चुकीच्या निदानावरचा उपचार रोगाहून घातक ठरू शकतो, हाच तो मुद्दा.

सुई कोठे आणि का?

ॲक्युपंक्चरमध्ये प्लीहेची वाहिनी पायाच्या अंगठ्याच्या आतील बाजूपासून निघते, पाय व मांडीच्या आतील अंगाने पोटावर येते आणि छातीच्या कडेला संपते. तिच्यावर दर बाजूला २१ बिंदू आहेत. मात्र उपचार केवळ याच बिंदूंवर होतात असे नाही. शक्ती क्षीण असल्यास गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असणारा ‘त्सुसानली’ हा जठराच्या वाहिनीवरील बिंदू प्रमुख ठरतो. पाठीवर अकराव्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना असणारा ‘पीशू’ आणि बेंबीच्या वर असणारा ‘चुंगवान’ हेही सोबत निवडले जातात. ओलावा काढण्यासाठी गुडघ्याच्या आतील बाजूचा ‘यिनलिंगछ्युआन’ आणि अवयव खाली सरकत असतील तर डोक्याच्या माथ्यावरील ‘पायहुई’ हे बिंदू घेतले जातात.

यांग क्षीण असल्यास नुसत्या सुईपेक्षा शेकावर भर असतो. दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्यांची कांडी करतात आणि ती पेटवून बिंदूजवळ धरतात. यालाच मॉक्सा म्हणतात. ओलावा आणि उष्णता असलेल्या रुग्णाला मात्र हा शेक सहसा देत नाहीत. निदानाचा प्रकार चुकला की उपचाराची दिशाच उलटी होते, ती अशी.

आहाराचे नियमही याच तर्कातून येतात. ताजे, गरम, शिजवलेले अन्न, तांदळाची पेज आणि ठरावीक वेळी जेवण यांची शिफारस केली जाते. थंड पेये, कच्चे पदार्थ, तळलेले व अतिगोड पदार्थ टाळण्यास सांगतात.

ओळखीचे, तरी निराळे

मराठी वाचकाला हे सारे ऐकताना आयुर्वेदातील अग्निमांद्य आणि आम आठवल्यावाचून राहणार नाही. पचनाच्या दौर्बल्यातून चिकट, जड असे काही साचते आणि तेच पुढे रोगाचे मूळ होते, ही कल्पना दोन्हीकडे आहे. परंतु आयुर्वेदात ते काम अग्नीकडे सोपवलेले आहे आणि प्लीहा हे रक्तवह स्रोतसाचे मूळ मानले जाते. म्हणून चिनी ‘पी’चे भाषांतर आयुर्वेदातील प्लीहेने करणे तितकेच फसवे ठरते.

भारतात ॲक्युपंक्चर येण्याच्या कथेला सोलापूरचाही एक धागा आहे. राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे १९४२ मध्ये चीनमध्येच निधन झाले. त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. आज महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. तेव्हा उपचार घेण्यापूर्वी तज्ज्ञाची नोंदणी विचारणे हा रुग्णाचा हक्कच ठरतो.

पुरावा आणि सावधगिरी

जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाचे प्रकरण समाविष्ट केले. २०१९ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या या आवृत्तीत प्लीहेच्या क्षीणतेलाही संकेतांक मिळाला. मात्र हा समावेश नोंदी ठेवण्यासाठी आहे. ती उपचारांच्या परिणामकारकतेची पावती नव्हे. ताणाने बळावू शकणाऱ्या आतड्याच्या विकारावरील चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुयांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. अनेक रुग्णांना उपचारानंतर बरे वाटते हे खरे असले तरी त्याचे श्रेय नेमके कशाला द्यायचे, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

खरा धोका दुसरीकडेच आहे. ‘प्लीहा रक्त धरून ठेवत नाही’ या वर्णनात बसणाऱ्या रुग्णाच्या प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात. शौचातून जाणारे रक्त आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. सततचा थकवा आणि फिकट जीभ रक्तक्षयातही दिसते, थायरॉइडच्या विकारातही थकवा येतो. पिवळे डोळे ही तर काविळीची खूण. तेथे रक्ततपासणीला पर्याय नाही. वजन विनाकारण घटणे, रक्त जाणे, ताप राहणे किंवा रात्री झोपेतून उठवणारा जुलाब यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे तज्ज्ञाला आधी सांगावे. गरोदरपणी घोट्याच्या वरचा ‘सानयिनच्याओ’ हा बिंदू परंपरेनेच वर्ज्य मानला आहे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. काढ्यांतील ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, हेही विसरू नये.

‘तुमची प्लीहा दुर्बल आहे’ असे ऐकल्यावर सोनोग्राफीसाठी धावण्याचे कारण नाही. पण त्या वाक्यावर विसंबून आवश्यक तपासण्या टाळण्याचेही कारण नाही. सारखी दिसणारी दुखणी एक समजू नयेत, हे ली तुंगयुआन यांनी वेढ्यातल्या शहरात पाहिले होते. सारखे दिसणारे शब्दही एक समजू नयेत, एवढी भर आजच्या रुग्णाने त्यात घालायला हवी.