घर दारूभोवती फिरू लागतं तेव्हा

पिणारा माणूस घरात एकच असतो, पण त्याच्या पिण्याचं वेळापत्रक सगळं घर पाळू लागतं. हे एका रात्रीत होत नाही. टप्प्याटप्प्याने होतं, आणि प्रत्येक टप्प्यावर घरातली माणसं त्या क्षणी शहाणपणाचं वाटणारंच पाऊल उचलत असतात.

हे टप्पे नीट नोंदवले ते जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी, अमेरिकेतल्या सिएटल शहरात. त्यांचा लेख १९५४ सालचा. त्या काळी तज्ज्ञ मंडळीही मद्यपीच्या बायकोकडे बोट दाखवत: हिच्याच स्वभावात खोट आहे, म्हणून तो पितो. जॅक्सनबाई अशा बायकांच्या बैठकांना जाऊन बसल्या, ऐकत राहिल्या. बायकांचं चिडणं, संशय घेणं, खोटं बोलणं हे दारू घरात आल्यानंतर सुरू झालेलं असतं, असं त्यांनी दाखवलं. ‘तूच त्याला सांभाळून घेत नाहीस’ हे सुनेला आजही ऐकावं लागतं, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या कामाची आठवण होते.

सुरुवात सारवासारवीने होते. सोमवारी सकाळी कामाच्या ठिकाणी फोन जातो, ‘त्यांना ताप आलाय.’ कधी हा फोन मुलीला करायला लावला जातो. मग उपाय सुरू होतात: बाटली मोरीत ओतणं, खिसे तपासणं, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं, पंढरीची माळ घालायला लावणं. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मग घर विस्कटतं. वाण्याची उधारी वाढते, शाळेची फी थकते, नातेवाइकांकडे जाणं-येणं थांबतं. त्यानंतर बरेचदा बायको सगळं हातात घेते. कामाला लागते, पैसे स्वतःकडे ठेवते, नवऱ्याला हिशेबात धरणं सोडून देते. घर सावरतं, पण त्याला वगळून. पुढे कुणी वेगळं होतं, कुणाचा नवरा दारू सोडतो. सगळ्या घरांत हे टप्पे याच क्रमाने येतात असं नाही, मागेपुढे होतात.

या सगळ्यात मूल कुठे असतं? ते ऐकत असतं. गाडी स्टँडला लागल्याचा आवाज, जिन्यावरची पावलं, चपला कशा काढल्या गेल्या, एवढ्यावरून संध्याकाळ कशी जाणार हे त्याला कळतं. खरी अडचण ही असते की वडील रोज वाईट वागत नाहीत. मंगळवारी ते भेळ घेऊन येतात, गणित समजावतात, रविवारी सर्कशीला नेण्याचं कबूल करतात. बुधवारी ताट भिरकावतात. रविवारची सर्कस त्यांच्या लक्षातही नसते. अंदाज बांधता येत नाही, म्हणून मूल सतत सावध राहतं.

शरीरात याची किंमत मोजली जाते. धोका दिसला की ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, स्नायू ताठरतात. ही सोय थोड्या वेळासाठी आहे. रोज संध्याकाळी तीच चालू राहिली तर झोप मोडते, पोटात दुखतं, वर्गात लक्ष लागत नाही. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्यात १७ हजारांहून अधिक प्रौढ सहभागी झाले. घरातलं व्यसन, मारहाण, दुर्लक्ष असे बालपणातले आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचाही धोका जास्त, असं त्यात दिसलं. अर्थात ही शक्यता आहे, एकेका मुलाचं भविष्य नव्हे.

अशा घरांत न सांगता पाळले जाणारे नियम असतात. अमेरिकी समुपदेशक क्लॉडिया ब्लॅक यांनी ते मांडले: बोलायचं नाही, विश्वास ठेवायचा नाही, काही वाटून घ्यायचं नाही. मोठी मुलगी धाकट्यांचे डबे भरते, आईची मैत्रीण होते, आणि सगळे तिला ‘किती समजूतदार’ म्हणतात. या कौतुकाची मला फार भीती वाटते. वर्गात मारामारी करणाऱ्या भावाकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं. हिच्याकडे कुणाचंच जात नाही.

दारू सुटली की सगळं सुरळीत होईल, असं घराला वाटतं. तसं होत नाही. वडील चांगले होऊन परत येतात आणि बाप म्हणून बोलू लागतात. इतकी वर्षं घर चालवलेल्या मुलाला ते सहन होत नाही. बायको अजून खिसे तपासते. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णाच्या घरच्यांनाही उपचारात धरलं जातं, ते याचसाठी. घरच्यांनाही स्वतःचं आजारपण ओळखून त्यातून बाहेर यावं लागतं.

मुलांना वाचवतं काय, याचीही उत्तरं आहेत. एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी कावाई इथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं माग ठेवला. बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश सक्षम, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्याजवळ आजी, मावशी, शिक्षक, शेजारी असं एक तरी भरवशाचं माणूस होतं. स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांचं १९८०च्या सुमाराचं संशोधन मला याहून उपयोगी वाटतं. ज्या कुटुंबांनी रात्रीचं जेवण, सण, वाढदिवस दारूमुळे मोडू दिले नाहीत, त्यांच्या मुलांमध्ये व्यसन उतरण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे वडील शुद्धीत नसले तरी आठ वाजता पानं मांडायची, आरती वेळेवर करायची, सहल रद्द करायची नाही. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे मात्र आधी सुरक्षित जागी जायचं, बाकी सगळं नंतर.

मामा, आत्या, वर्गशिक्षिका यांना यात पुष्कळ करता येतं. मुलाला हेर बनवू नये. ‘आज प्यायले का रे?’ हा प्रश्न त्याला विचारू नये. त्याच्यासमोर त्याच्या आईवडिलांचा न्याय करू नये. वडिलांचं पिणं तुझ्यामुळे सुरू झालेलं नाही, तुला ते थांबवता येणार नाही आणि ते थांबवणं तुझं काम नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावं, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. रात्री-अपरात्री कुणाच्या घरी यायचं ते आधीच ठरवून ठेवावं. आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक त्याला तोंडपाठ करून घ्यावा; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं.